एकाच पाकिटातली गोळी

शिरूर,
९ मे २००४

सम्राट,
सलाम.

विषय पोस्टकार्डावर लिहिण्यासारखा नाही, म्हणून हे अंतर्देशीय. दुकानात फोन आहे, पण फोनच्या शेजारी माझे मामू बसलेले असतात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान माझं, खुर्ची शेखलाल मामूंची. मी कुणाशी काय बोललो ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. तेव्हा ठरल्याप्रमाणे पत्रच बरं.

पुण्यात त्या केसांच्या डॉक्टरच्या बाकावर तू भेटला नसतास तर मी उठून परत आलो असतो. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत आपण दोघंच डोकी झाकून बसलो होतो. तुझी क्रिकेटची टोपी, माझी नमाजाची. तू म्हणालास, "काढा की राव, इथं सगळे एकाच जातीचे हायेत." मी इतका हसलो की कंपाउंडर बाहेर येऊन बघून गेला. तिथंच आपण अरे-तुरेवर आलो.

तर करार पुन्हा लिहून ठेवतो. मला डॉक्टरने फिनास्टेराइडची गोळी दिली, तुला ड्युटास्टेराइडची कॅप्सूल. मला म्हणाला, सहा महिने काही दिसणार नाही, वर्षाने बोलू. तर वर्षभर एकमेकांना कळवत राहायचं आणि कुणाची गोळी भारी ते ठरवायचं. अट एकच, खोटं लिहायचं नाही. घरात अम्मीशी बोलायची सोय नाही. ती म्हणते, "टाळूला कांदा चोळ." चोळला. आठवडाभर गिऱ्हाईक लांबून बोलत होतं.

मी अठ्ठावीसचा झालो. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेत आणि माथ्यावर बशीएवढी जागा मोकळी आहे. तुझी हकिकत तू लिही.

तुझा,
नौशाद मुलाणी


दौंड,
२३ मे २००४

नौशाद,
जयभीम.

तुझं पत्र दारात आबांनी घेतलं आणि मला हाक मारली, "सम्राट, तुला कुनाचं तरी पत्र आलंय रं!" त्यांना केवढं नवल वाटलं. आमच्याकडे बँकेशिवाय कुणी पत्र पाठवत नाही.

आबा म्हणजे माझे वडील, शंकरराव ओव्हाळ. रेल्वेत गँगमन होते, रुळाकडेनं चालण्यात आयुष्य गेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बहीण गौतमी वरवंडला दिली. घरात आम्ही दोघंच. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे आहे. तिथं तोंडाला मास्क आणि डोक्याला हेल्मेट, त्यामुळे टकलाचा त्रास नाही आणि बोलायचाही नाही.

आता मजा ऐक. आबांना लघवीचा त्रास आहे, प्रोस्टेट वाढलंय, आणि त्यावर त्यांना जी कॅप्सूल आहे तीच मला मिळाली. माझ्या खिशात त्यांचं पाकीट होतं, ते मीच डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, ही मुळात म्हाताऱ्यांची गोळी, केसांसाठी अजून कुणी सर्रास देत नाही, पण तुझं फार पसरलंय, समजून-उमजून घेऊन बघ. त्यामुळे आता जेवण झालं की आम्ही बापलेक समोरासमोर बसतो, एकाच पाकिटातून एक ते घेतात, एक मी. आबा म्हणतात, "माजं खालचं दुखनं, तुजं वरचं. कंपनी येकच."

त्यांना माझ्या डोक्याचा ध्यास लागलाय. बॅटरी घेऊन रोज तपासतात, ड्युटीवर रूळ तपासावा तसे. "मधली खडी अजून उघडीच हाय," म्हणतात आणि बॅटरी विझवतात. त्यांचे स्वतःचे केस अजून दाट आहेत, पांढरेशुभ्र. मी आईच्या भावांवर गेलो. मागच्या वर्षी केडगावला मुलगी बघायला गेलो तर मुलीच्या आत्यानं आमच्याकडे बघून विचारलं, "ह्यातला नवरा मुलगा कोंचा?" मी एकतीसचा आहे. तो तिसरा नकार.

आबांचं हृदय मोठं झालंय, दौंडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस धरून चालू नका. आबांना ते न सांगताच कळलंय. म्हणतात, "सून बगितली की मी मोकळा." गोळीला वर्ष लागणार. आबांकडे वर्ष आहे का, ते मला माहीत नाही. माझी सगळी घाई त्यासाठी आहे, नौशाद, आरशासाठी नाही.

लिहीत जा. आबा पण विचारतात, "शिरूरच्या गड्याचं काय झालं?"

सम्राट


शिरूर,
१५ ऑगस्ट २००४

सम्राट,
सलाम, आबांना पण सलाम.

तीन महिन्यांचा अहवाल. होते तेही गळले! उशीवर, साबणावर, फणीत. मी घाबरून डॉक्टरला फोन लावला, एसटीडीवरून, दार लावून. म्हणाला, सुरुवातीला असं होतं, जुने जाऊन नवे येतात, गोळी सोडू नका. तुझे गळले का? गळले असतील तर आपण बरोबरीत.

मेडिकलवाल्याने मला तिसरंच सांगितलं. ब्लडप्रेशरची एक जुनी गोळी आहे, मिनॉक्सिडिल, तिनेही केस येतात, पण सगळीकडे येतात. कपाळावर, कानावर, पाठीवर. म्हटलं, राहू दे बाबा, लग्न जमवायचंय, सर्कशीत जायचं नाही.

पण खरी गंमत वेगळीच झाली. ती बशी झाकायला मी आता दिवसभर टोपी घालतो. दुकानात, बाजारात, चहाच्या टपरीवर. लोकांना वाटलं, नौशाद सुधारला. मशिदीतले म्हातारे मला पुढच्या रांगेत ओढायला लागले. पुढच्या रांगेत बसलो की पहाटे फजरच्या नमाजालाही जावं लागतं, नाहीतर विचारतात, तब्येत बरी नाही का? मामू तर छाती फुगवून सांगतात, "आमचा पोरगा पाच वक्ताचा नमाजी झालाय, कुणी सांगितलंही न्हाई त्याला."

आणि आता निमोण्याहून स्थळ आलंय. मुलीचं नाव रुबी. तिचे अब्बा म्हणाले, "पैसाअडका काय, आज हाय उद्या न्हाई. पोरगा दीनदार, धर्म पाळणारा पाहिजे." माझ्याकडे बघून नाही, टोपीकडे बघून म्हणाले. मला हसू येतं आणि रात्री भीती वाटते. टोपी एक दिवस काढावीच लागणार ना, तिच्यासमोर?

आणखी एक विचारायचंय. कागदात लिहिलंय की काहींना या गोळीने 'त्या बाबतीत' इच्छा कमी होते. तुझं कसं आहे? लाजू नकोस, माझ्याशिवाय कोण वाचणार.

नौशाद


दौंड,
१२ डिसेंबर २००४

नौशाद,
जयभीम.

उशीर झाला. आबा आठ दिवस दवाखान्यात होते, आता घरी आहेत. पायावर सूज असते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: 'त्या बाबतीत' मला कळायला मार्ग नाही. ज्याच्या घरात जेवणारी दोनच ताटं, त्याची इच्छा कमी झाली की वाढली हे मोजणार कसं? तरी डॉक्टरला विचारलं. थोड्या जणांना होतं, त्रास झाला तर लगेच सांगा म्हणाला. माझीही गळती झाली, तुझ्यापेक्षा जास्त. तेव्हा तेवढ्यापुरता मी पुढे.

कंपनीत पाळ्या बदलत्या असतात, कुणाशी ओळख पक्की होत नाही. परवा ध्यानात आलं की सोमवारपासून गुरुवारपर्यंत मी आबांशिवाय कुणाशी एक पुरं वाक्य बोललो नव्हतो. म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं. टोपीचा मजकूर आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. हसून हसून त्यांना खोकला लागला. म्हणाले, "त्याला म्हनाव, टोपी काडू नको, आन् बसलाच हाईस तर नमाज पन मनापासून पड."

मांडवगण फराट्याचं एक स्थळ आलंय. मुलगी अंगणवाडीत आहे. माणसं समजूतदार वाटली. मी टोपी काढून बसलो होतो, तरी नाही म्हणाली नाहीत. ज्वारीची सुगी उरकली की घर बघायला येतो म्हणालेत. आबांनी आत्ताच भिंतींना चुना द्यायचं काढलंय.

सम्राट


शिरूर,
२० फेब्रुवारी २००५

सम्राट,
आले! केस आले! बारीक आहेत, लहान बाळाच्या जावळासारखे, पण आहेत. बशीची आता वाटी झाली. अम्मीला वाटतं कांद्याने आले. वाटू दे.

रुबीशी लग्न ठरलं. १५ मेला निमोण्यात निकाह. तू यायचंस आणि आबांना आणायचंस. गाडी मी पाठवतो, एसटीचे धक्के त्यांना नकोत. पुढच्या रांगेत माझ्या बाजूने तूच बसणार. माझी अख्खी खरी हकिकत ठाऊक असलेला माणूस तिथं एकच असेल.

तुझा अहवाल? वर्ष होत आलं.

नौशाद


दौंड,
२० एप्रिल २००५

नौशाद,
जयभीम.

आधी चांगलं. माझेही आले. तुझ्यानंतर आले, पण तुझ्यापेक्षा जास्त आले असावेत, कारण मोकळी जागाच मोठी होती. आबांनी बॅटरी लावून बघितलं, मग दिवसा उन्हात नेऊन बघितलं. शेवटी डोक्यावरून हात फिरवला.

आता दुसरं. तुला माहीत असेल, जयंतीला आमच्या वस्तीत रक्तदानाचं शिबिर असतं. दरवर्षी पहिली बाटली माझी असते. यंदाही मीच पहिला खाटेवर झोपलो. रक्तपेढीच्या बाईंनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत का? मी हळूच नाव सांगितलं. त्यांनी पुस्तकात बघितलं आणि म्हणाल्या, उठा, तुमचं रक्त चालणार नाही. हे औषध रक्तात फार दिवस राहतं, गरोदर बाईला असं रक्त चढलं तर पोटातल्या मुलाला अपाय होतो. त्यांचं बरोबरच होतं. पण त्या सुईचं झाकण लावत होत्या आणि अख्खी वस्ती रांगेत उभी होती.

सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "काय न्हाई, गोळ्या चालू हायेत." कसल्या, ते सांगायला जीभ वळली नाही. निळे झेंडे लागलेले, स्पीकर चालू, आणि त्या गर्दीत मी सांगणार की केस यावेत म्हणून गोळ्या खातो? दुसऱ्या दिवशी बातमी झाली होती, सम्राटचं रक्त परत केलं. तिसऱ्या दिवशी, सम्राटला तो रोग आहे. कुठला 'तो', हे कुणी माझ्यासमोर म्हणत नाही. पाण्याच्या नळावर बाया बोलायच्या थांबतात.

काल मांडवगणहून निरोप आला. सध्या आमचा विचार नाही.

आबा म्हणतात, "मीच जाऊन सांगतो. माजीच गोळी खातुय म्हनाव. माज्या रक्तात जे हाय तेच त्याच्या रक्तात हाय." मी त्यांना बसवून ठेवलंय. त्यांना पायरी चढवत नाही, मांडवगणला कुठं जातात? लग्न जमावं म्हणून गोळी घेतली, केस आले, आणि त्याच गोळीनं लग्न मोडलं. तुला हसू आलं तर हस. मला अजून येत नाही.

सम्राट


शिरूर,
२८ एप्रिल २००५

सम्राट,
हसलो नाही. हातातलं काम बाजूला ठेवून बसून राहिलो. मामूंनी विचारलं, कुणाचं पत्र? म्हटलं, दोस्ताचं.

अरे, सांगून टाक ना! नळावर जाऊन मोठ्यानं सांग. चार दिवस हसतील आणि विसरतील. हसणं परवडलं. तू टोप्या काढायला सांगणारा माणूस, आणि आता स्वतःच झाकून बसलास?

१५ तारखेला ये. इथं आपण बसून ठरवू. गरज पडली तर मी तुझ्याबरोबर मांडवगणला येतो आणि माझं डोकं दाखवतो. चौदाला सकाळी गाडी दौंडला येईल.

नौशाद


दौंड,
२४ मे २००५

नौशाद,
जयभीम.

तुझं आणि रुबीभाभीचं अभिनंदन. मला येता आलं नाही, माफ कर. गाडीवाल्याला दारातूनच परत पाठवलं, कंपनीत अचानक काम निघालं. आबांचा त्रास आता थांबलाय.

केसांची प्रगती चांगली आहे. पुढची रेषा स्पष्ट दिसते. माथ्यावरची जागा निम्म्याहून कमी राहिली. कॅप्सूल चालू आहे. तुझी गोळी चालू आहे का ते कळव.

सम्राट


शिरूर,
४ सप्टेंबर २००५

सम्राट,
सलाम.

तीन महिने लिहिलं नाही. खरं कारण सांगतो, राग आला होता. गाडीवाला म्हणाला, दारात पुष्कळ चपला होत्या. म्हणजे घरात पाहुणे होते आणि तू मला कंपनीचं काम सांगितलंस. वाटलं, नवं स्थळ आलं असेल आणि मला सांगायचं नसेल. किंवा माझं जमलं हे तुला बघवलं नसेल. असंही मनात आलं, लपवत नाही. मधे तुझी दोन पत्रं आली, त्यांत डोक्याशिवाय शब्द नव्हता. तुझं पत्र म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट झालाय.

इकडचं ऐक. निकाहच्या दुसऱ्या दिवशी मी रुबीसमोर टोपी काढली. ती म्हणाली, "म्या तर कवाच बगितलंय. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले व्हते तवा तुम्ही टोपी काढून घाम पुसत व्हता." म्हणजे आधी बशी पाहिली होती आणि मग हो म्हणाली होती! मी वर्षभर कुणापासून लपवत होतो, कोण जाणे. आणि नमाजाचं म्हणशील तर खोटं खोटं बसता बसता खरीच गोडी लागली. आबांना सांग.

आणखी एक बातमी. रुबीला दिवस गेलेत. फुटकी गोळी गरोदर बाईच्या हाताला लागू नये असं कागदात आहे, म्हणून मी गोळ्या घरात ठेवणंच बंद केलं. घेणंही सोडलं. आलेले केस जातील, डॉक्टर म्हणालाच होता. जाऊ देत.

मग आता आपण तुलना कशाची करायची? तुला जिंकलो म्हणायचं असेल तर तू जिंकलास. काही वेगळं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर राहू दे.

नौशाद


दौंड,
१६ ऑक्टोबर २००५

नौशाद,
जयभीम.

आबा गेले. आज नाही, १२ मेला, तुझ्या निकाहच्या तीन दिवस आधी. दारातल्या चपला त्या होत्या.

तुला कळवलं असतं तर तू मांडव सोडून आला असतास, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांचा लग्नाला घालायचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला होता. तोच घातला. कंपनीचं काम तेवढं खोटं लिहिलं. करारात खोटं लिहायचं नाही असं होतं, म्हणून बाकी त्रास थांबलाय असं लिहिलं. त्रास खरंच थांबला होता.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगतो. मी सकाळपाळीला गेलो असताना आबा मला न सांगता एसटीत बसून मांडवगण फराट्याला गेले. मे महिन्याचं ऊन. त्या लोकांच्या ओट्यावर बसून, खिशातलं पाकीट काढून दाखवलं, ही बघा गोळी, मीबी हीच खातो, पोराचं रक्त चांगलं हाय. त्यांनी चहा दिला. म्हणाले, आबा, तुमच्यावर इस्वास हाय, पन पोरीचं दुसरीकडं बोलनं झालंय. आबा परत आले ते थेट अंथरुणावर. रात्री जेवले नाहीत, पण कॅप्सूलची वेळ झाली तशी बॅटरी मागितली. माझं डोकं खाली ओढून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खडी झाकत आलीया, सम्राट." दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

वस्तीतले सगळे आले. रोगाचं बोलणारेही आले, खांदा दिला, विहारात वंदना झाली. गौतमी आठ दिवस राहून वरवंडला गेली. मग जो तो आपल्या कामाला लागला. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्यात डोकं भादरत नाहीत, आबांनी स्वतः बजावून ठेवलं होतं, त्यामुळे कंपनीत कुणाला कळलंच नाही. मी रजेवरून आलो तर सुपरवायझर म्हणाला, "काय, गावाला जाऊन आलास काय?" मी हो म्हणालो. वस्तीत सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी विचारत नाही. कंपनीत कुणालाच माहीत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. पाच महिने मला कुणी विचारलं नाही, नौशाद.

गोळी मी चालू ठेवली. केसांसाठी नाही. जेवण झालं की समोर बसायची सवय होती, ती मोडवेना. दोघांची पाकिटं होती, एकट्याला पुरली. तांदूळही अजून दोघांचे घेतले जातात, हाताला तेवढंच माप बसलंय. उरलेला भात सकाळी डब्यात नेतो. तुला डोक्याचे रिपोर्ट लिहीत होतो, कारण तेवढ्या एका विषयावर मला कुणीतरी उलट लिहीत होतं. तू गोळी सोडलीस असं वाचलं आणि वाटलं, आता तेही संपलं.

शेवटची कॅप्सूल मागच्या रविवारी संपली. सकाळी आरशात बघितलं. केस खरोखर आलेत, चांगले भरले आहेत. ज्याला बघायचे होते तो नाही. ते केस मला बघवेनात. तसाच उठलो, बाजारात गेलो आणि न्हाव्याला म्हटलं, सगळं काढ. त्यानं वस्तरा हातात घेतला आणि आवाज उतरवून विचारलं, "कोन गेलं, पावनं?" मी डोकं त्याच्यापुढं वाकवलं. त्यानं पुढं विचारलं नाही, पैसेही घेईना.

तिथून गौतमीकडे जायला वरवंडच्या गाडीत बसलो. गाडी भरलेली. मला बघून एक माणूस उठला, जागा दिली. शेजारी एक म्हातारी होती, पाटी घेऊन बसलेली. तिनं पाटी पायाशी ओढली.

"कोन गेलं रं, बाबा?"

"वडील."

"कवा?"

"पाच महिने झालं."

ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. "मंग आत्ता का रं डोकं काडलंस?"

"तवा कळलं न्हाई, आजी. आत्ता कळलं."

तिनं मान हलवली, जसं काही हे रोजचंच आहे. मग म्हणाली, "कसा व्हता मानूस?"

आणि मी सांगायला लागलो. रुळाचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, पांढऱ्या केसांचं सांगितलं. पाटस आलं नि गेलं. पुढच्या बाकावरचे दोघं मागं वळून ऐकत होते. मी भर गाडीत रडलो आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण चकोट केलेल्या माणसानं रडायचंच असतं. वरवंडला उतरताना म्हातारीनं डोक्यावरून हात फिरवला. आबांनी फिरवला होता तसा.

माझे केस आता नाहीत. तुझे जातील. निकाल बरोबरीत लागला असं समज.

सम्राट


शिरूर,
२१ ऑक्टोबर २००५

सम्राट,

तुझं पत्र दुकानात वाचलं. मामू समोर होते, तरी वाचलं. त्यांनी विचारलं, कुणाचं? मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुण्याचा डॉक्टर, गोळी, टोपी, तू, आबा. मोहल्ल्याला कळायचं ते कळू दे. मामू उठले आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

मला तुझा राग आलाय, आणि तो असा लवकर जाणार नाही. माझा निकाह चार दिवस पुढे गेला असता तर काही बिघडत नव्हतं. तू मला आबांच्या मातीला येऊ दिलं नाहीस. ज्यांनी मला मनापासून नमाज पढ म्हणून सांगितलं, त्यांचं तोंडही मी बघितलं नाही. आणि मी मूर्ख, तीन महिने तुझ्यावर रुसून बसलो. कसा होता माणूस, हे विचारायचा पहिला हक्क माझा होता. तो त्या म्हातारीनं घेतला. तिचं भलं होवो.

आता मी विचारतोय. कसे होते आबा? लिहू नकोस, मला समोर बसून ऐकायचंय.

रविवारी येतोय. रोजे चालू आहेत, त्या दिवशीचा रोजा तुझ्या घरी सोडीन. खजूर अम्मी देतेय. बाकी काही करू नकोस, नुसता भात लाव. दोघांचा लाव.

नौशाद